माझा फोन म्हणजे दुकानाचा गल्ला नव्हे

प्रति,
मा. संचालक मंडळ आणि मनुष्यबळ विभाग

प्रत माहितीसाठी : मा. कामगार उपायुक्त, नाशिक, आणि आमच्या दुकानात येणारे सर्व ग्राहक

विषय : कर्मचाऱ्यांच्या स्वतःच्या मोबाइलवर बिलिंग करण्याच्या सक्तीबाबत

सन्माननीय महोदय,

मी आपल्या नाशिकच्या दुकानात अकरा वर्षं नोकरी करते आहे. सुरुवातीला साड्या आणि ड्रेस मटेरियलच्या फ्लोअरवर होते, गेली सात वर्षं कॅश काउंटर नंबर दोनवर. कंपनीची बदनामी व्हावी अशी माझी इच्छा नाही, म्हणून नाव लिहीत नाही. शिवाय हा प्रश्न आता एकट्या आपल्या कंपनीचा राहिलेला नाही. इतर दुकानांत काम करणाऱ्या माझ्या मैत्रिणीही हेच सांगतात. स्टोअर मॅनेजरना मी दोनदा तोंडी सांगितलं, एकदा लेखी अर्ज दिला, तोच अर्ज एचआरला मेल केला. प्रत्येक वेळी उत्तर एकच आलं, की पॉलिसी वरून आली आहे. वर नेमकं कुणाला भेटायचं ते आम्हाला कुणी सांगत नाही. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी काय घडलं ते सांगते. परिपत्रक आलं की एक तारखेपासून चारपैकी तीन कॅश काउंटर बंद होतील. फ्लोअरवरच्या प्रत्येकाने स्वतःच्या मोबाइलमध्ये कंपनीचं बिलिंग ॲप घ्यायचं. कपड्याचा बारकोड फोनच्या कॅमेऱ्याने स्कॅन करायचा, पैसे क्यूआरवर किंवा कार्ड फोनला टेकवून घ्यायचे आणि बिलाची लिंक ग्राहकाला पाठवायची. फोन ॲपला चालणारा नसेल तर ‘अपग्रेड करून घ्यावा’ असंही त्यात होतं. पैसे कुणी द्यायचे, हे मात्र त्यात नव्हतं. आठवड्याभरात काउंटर दोन, तीन आणि चार उचलले गेले. त्या जागी आता परफ्यूम आणि पर्सचे स्टँड आहेत.

हातातल्या मशीनवर बिल करायला माझा विरोध नाही, हे आधीच स्पष्ट करते. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सेलला आपण भाड्याने सहा मशीन आणली होती. त्यांच्यातच स्कॅनर होता आणि वरच्या बाजूने बिलाचा रोल निघायचा. मी तेव्हा काउंटर सोडून ट्रायल रूमजवळ उभी राहून बिलं केली. लहान मुलं कडेवर घेतलेल्या बायकांना रांगेत उभं राहावं लागलं नाही, दोन-तीन नगांचं गिऱ्हाईक पाच मिनिटांत मोकळं होत होतं. मला ते काम मनापासून आवडलं होतं. सेल संपला, मशीन परत गेली. पुन्हा आणली नाहीत, कारण भाडं परवडत नाही असं आम्हाला सांगण्यात आलं. आता तेच काम आमच्या फोनवर आलं आहे. कंपनीला जे भाडं परवडलं नाही, ते आता आम्ही भरतो आहोत. माझं सगळं म्हणणं याच एका गोष्टीभोवती आहे.

ट्रेनिंगमध्ये आम्हाला परदेशातली ॲपलची दुकानं दाखवली. तिथे गल्लाच नाही, प्रत्येकाच्या हातात छोटं यंत्र आहे, जग असं पुढे गेलं आहे, असं सांगितलं. माझी मुलगी कॉम्प्युटर डिप्लोमाला आहे. तिच्याबरोबर बसून मी ते नीट समजून घेतलं. २००९ च्या अखेरीस ॲपलने आपल्या दुकानांत आयपॉड टचवर बिलिंग सुरू केलं हे खरं आहे. आयपॉड टच ही बाजारात कुणालाही मिळणारी वस्तू, हेही खरं. पण दुकानातले आयपॉड कंपनीने विकत घेतलेले होते. प्रत्येकाला मागून एक खास खोळ बसवलेली होती, तिच्यात बारकोड स्कॅनर आणि कार्ड ओढायची खाच होती. कर्मचाऱ्याने घरून आणलेला फोन तो नव्हता. आणि तिथे गिऱ्हाईक एक-दोन बंद खोकी घेऊन जातं. आमच्याकडे टोपलीत चौदा नग असतात, त्यातल्या दोन नगांचे टॅग ट्रायल रूममध्ये तुटलेले असतात.

त्याच ॲपलच्या दुकानांची घडी बसवणारे रॉन जॉन्सन पुढे जेसीपेनी या अमेरिकेतल्या मोठ्या साखळीचे प्रमुख झाले. तिथे मुख्य माल कपड्यांचाच. २०१२ मध्ये त्यांनी जाहीर केलं, की २०१४ पर्यंत दुकानांतले कॅश काउंटर काढून टाकू. एप्रिल २०१३ मध्ये त्यांना ते पद सोडावं लागलं. त्याची कारणं पुष्कळ होती, सगळा दोष मी बिलिंगवर टाकत नाही. पण आम्हाला उदाहरण द्यायचंच तर दोन्ही दाखवा, एवढी विनंती आहे.

आता आमच्या तक्रारी.

पहिली तक्रार फोनच्या मालकीची. या दुकानात दहा वर्षं नियम होता, की ड्यूटीवर येताना फोन लॉकरमध्ये ठेवायचा. फ्लोअरवर फोन हातात दिसला तर शंभर रुपये दंड. माझे सासरे दवाखान्यात होते तेव्हाही मी तो नियम पाळला, घरचे लॅंडलाइनवर निरोप ठेवत. तोच फोन आता कामाचं हत्यार झाला आहे आणि तो चार्ज नसेल तर मेमो मिळतो. माझा फोन चौदा हजारांचा आहे, बारा हप्त्यांवर घेतलेला, चार हप्ते अजून बाकी आहेत. दिवसभर कॅमेरा, स्क्रीन, ब्लूटूथ आणि इंटरनेट चालू राहिलं की दुपारी दोनपर्यंत बॅटरी संपते. पूर्वी रात्री एकदा चार्ज करायचे, आता दिवसातून तीनदा. लिथियम बॅटरीचं आयुष्य चार्जिंगच्या फेऱ्यांत मोजलं जातं, हे आपल्या आयटी विभागाला मी सांगायला नको. चार वर्षं चालायचा तो फोन दोन वर्षांत थकणार. स्टाफरूममध्ये चार्जिंगचे तीन पॉइंट आहेत आणि आम्ही एका शिफ्टला एकोणीस जण आहोत.

रिचार्जचा विषय काढला की आम्हाला ऐकवलं जातं, तुमच्याकडे रोजचा डेटा असतोच, वेगळा खर्च कुठे होतो? जुलै २०२४ मध्ये सगळ्या मोठ्या कंपन्यांनी रिचार्ज महाग केले, तेव्हा आमच्यापैकी कितीतरी जणींनी लहान पॅक घ्यायला सुरुवात केली. आता ॲपसाठी पुन्हा मोठा पॅक घ्यावा लागतो. पण समजा, एखादीचा डेटा शिल्लक राहतो. तरी तो तिचा आहे. अगदी हाच मुद्दा २०१४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या न्यायालयासमोर आला होता. कर्मचाऱ्यांना कामासाठी स्वतःचा मोबाइल वापरावा लागत होता आणि प्रश्न असा होता, की ज्याचा प्लॅन अमर्याद आहे, ज्याला एक रुपयाही जास्त भरावा लागला नाही, त्याला भरपाई द्यायची का? न्यायालयाने सांगितलं, द्यायची. बिलातला वाजवी वाटा मालकाने उचलायचा, नाहीतर धंद्याचा खर्च कामगाराच्या खिशात ढकलल्यासारखं होतं. तो कायदा तिथला आहे, इथे लागू नाही, हे मला समजतं. न्याय मात्र समजायला सोपा आहे.

दुसरी तक्रार लिहिताना मला संकोच वाटतो, पण लिहिते. बिलाची लिंक आमच्या स्वतःच्या व्हॉट्सॲपवरून जाते. म्हणजे रोज तीस-चाळीस अनोळखी लोकांकडे आमचा खासगी नंबर, फोटोसकट, पोचतो. बहुतेक लोक सज्जन असतात. साइज बदलून मिळेल का, एवढंच विचारतात, पण रात्री साडेअकराला विचारतात. काही सज्जन नसतात. आमच्यातल्या एका बावीस वर्षांच्या मुलीला एका गिऱ्हाइकाने आठवडाभर फोन केले, मग घर कुठे आहे ते विचारलं. तिने त्याला ब्लॉक केलं, तर त्याने दुकानाच्या नावावर वाईट रिव्ह्यू लिहिला आणि तिलाच खुलासा मागण्यात आला. तिचे वडील आता नोकरी सोड म्हणतात. ती शिकत-शिकत कमावते आहे, तिने का सोडावी? काउंटरच्या पलीकडे उभं राहून बिल करताना आमचं नाव छातीवरच्या बिल्ल्यावर असायचं, तेवढंच गिऱ्हाइकाला कळायचं. तेवढंच पुरेसं होतं. कंपनीच्या नंबरवरून लिंक पाठवणं तांत्रिकदृष्ट्या अवघड आहे असं मला कुणी सांगू नये. बँका, वीज मंडळ, गॅस एजन्सी रोज पाठवतात.

ॲप टाकताना ते फोनची ‘डिव्हाइस ॲडमिन’ परवानगी मागतं. ती दिली की फोन हरवल्यास कंपनी लांबून त्यातलं सगळं पुसू शकते, असं ट्रेनिंगमध्ये सांगितलं. दुकानाचा हिशेब सुरक्षित राहावा म्हणून हे आवश्यक असेल. पण त्याच फोनवर माझी बँक आहे, आधारचा ओटीपी येतो, मुलीच्या फीच्या पावत्या आहेत, माझ्या गेलेल्या वडिलांचे आवाजातले निरोप आहेत. ते पुसण्याचा अधिकार मी कुणाला दिलेला नाही. ‘अलाऊ’ दाबलं ते मॅनेजर शेजारी उभे होते म्हणून.

आणि आता पैशांचा प्रश्न. याबद्दल सविस्तर लिहायलाच हवं, कारण सात वर्षं मी गल्ला सांभाळला आहे.

वैशाखात निफाडकडचं एक कुटुंब बस्ता बांधायला आलं. बस्त्याचं गिऱ्हाईक कसं असतं ते आपल्याला माहीत असेल अशी आशा आहे. घरातली दहा-बारा माणसं येतात, कुणाला कितीची साडी हे आधी ठरलेलं असतं, आहेराच्या साड्या वेगळ्या, मानाच्या वेगळ्या, आणि हिशेब कर्त्या माणसाकडे. सत्तेचाळीस नग झाले. काउंटरवर स्कॅनर गनने एवढे नग मी काही मिनिटांत करते, गठ्ठा डावीकडून उजवीकडे सरकवायचा आणि प्रत्येकाला एक बीप. इथे मला एका हातात फोन, एका हातात साडी. प्लास्टिकच्या पिशवीवर दिव्याचा उजेड चमकला की कॅमेऱ्याला बारकोड दिसत नाही. टॅग चुरगळलेला असला की फोकस होत नाही. तेवढ्यात माझ्या बहिणीचा फोन आला आणि ॲप मागे गेलं. परत उघडल्यावर एकोणतिसावा नग दोनदा लागला की एकदाही नाही, हे कळेना. पुन्हा पहिल्यापासून मोजलं. घड्याळात चाळीस मिनिटं गेली.

बिल झालं अडतीस हजार सहाशे चाळीस. आजोबांनी धोतराच्या कनवटीतून पाचशेच्या नोटा काढल्या. आता ही रोकड मोजायची कुठे? ड्रॉवर नाही, नोटा मोजायचं मशीन काउंटर एकवर, तिथे पंधरा माणसांची रांग. मी टी-शर्टच्या टेबलावर नोटा मोजल्या आणि कंपनीने दिलेल्या कमरेच्या पाउचमध्ये ठेवल्या. एवढी रक्कम कमरेला बांधून मी तीन तास गर्दीत फिरत होते. शिवाय कपड्यांना लावलेले चोरीविरोधी हार्ड टॅग काढायचं मशीनही काउंटर एकलाच आहे. म्हणजे बिल इथे झालं तरी टॅग काढायला त्यांना पुन्हा त्याच रांगेत जावं लागलं. रांग मोडण्यासाठी ही योजना आणली होती. रांग होती तिथेच राहिली, फक्त बिलाची होती ती टॅगची झाली.

मग आजोबांनी बिल मागितलं. त्यांना ते तिघा भावांत हिशेबाला हवं होतं. व्हॉट्सॲप नाही म्हणून मी लिंक एसएमएसने पाठवली ती त्यांच्या बटणांच्या साध्या फोनवर. ती त्यात उघडेना. “ताई, कागद द्या ना,” ते म्हणाले. फ्लोअरवर ब्लूटूथ प्रिंटर एकच, त्याचा रोल संपलेला. शेवटी मी वहीच्या पानावर नगांची यादी हाताने लिहून, सही करून दिली. सत्तेचाळीस नग आणि कोऱ्या पानावरची माझी सही, एवढ्या भरवशावर ते लोक गेले. पुढे एखादी साडी डागी निघाली तर ते पान घेऊन आल्यावर आपण बदलून देणार का? मला त्या दिवशी आजोबांच्या डोळ्यांत बघवलं नाही.

त्या रात्री सेटलमेंटला माझ्याकडे दीड हजार कमी भरले. तीन नोटा. मोजण्यात चूक झाली असेल, पाउचमधून पडल्या असतील, मला आजही माहीत नाही. सात वर्षांत काउंटरवर माझं शॉर्टेज दोनदा आलं, दोन्ही वेळा पन्नास रुपयांच्या आत. मॅनेजर म्हणाले, पगारातून कापलं तर कागद होतो, त्यापेक्षा तुम्ही आत्ता यूपीआय करून टाका. मी केले. घरी जाऊन मुलीने वेतन संहिता वाचून दाखवली, जी २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. तिच्यात लिहिलं आहे, की कामगाराने मालकाला किंवा त्याच्या प्रतिनिधीला दिलेली कोणतीही रक्कम ही पगारातली कपातच धरली जाते. हिशेबाच्या पैशांतली तूट कापायची तर ती त्याच्याच हलगर्जीमुळे थेट झालेली असली पाहिजे, आणि कापण्याआधी त्याला आपली बाजू मांडायची संधी दिली पाहिजे. जुन्या १९३६ च्या कायद्यातही हे होतंच. मला अशी संधी मिळाली नाही. ड्रॉवर, कुलूप आणि कॅमेऱ्याखालची जागा काढून घ्यायची आणि जबाबदारी मात्र पूर्वीइतकीच ठेवायची, हे मला मान्य नाही.

ग्राहकांच्या बाजूनेही दोन-तीन गोष्टी सांगणं माझं कर्तव्य आहे, कारण त्यांच्या समोर आम्ही उभ्या असतो.

ॲप दहा आकडी मोबाइल नंबर टाकल्याशिवाय पुढे जात नाही. मे २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने स्पष्ट सांगितलं, की बिलासाठी मोबाइल नंबरची सक्ती करता येणार नाही, ती अनुचित व्यापार प्रथा आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये बिल न देणं हीसुद्धा अनुचित प्रथाच मानली आहे. नंबर द्यायला नकार देणारं गिऱ्हाईक बरोबर असतं आणि आम्हाला त्याच्याशी हुज्जत घालावी लागते. काही जणी मग स्वतःचा नंबर टाकून बिल करतात. त्यावर ‘डेटा क्वालिटी खराब’ म्हणून आमच्या इन्सेंटिव्हमधून गुण कमी होतात.

कार्डाचं तसंच. पाच हजारांपर्यंतचं कार्ड टेकवून चालतं, पण त्यावर गेलं की पिन लागतो आणि तो माझ्या फोनच्या स्क्रीनवर टाकायचा असतो. “मॅडम, तुमच्या फोनवर माझा पिन?” असं विचारणाऱ्या माणसाला मी काय सांगू? मीसुद्धा टाकला नसता. कार्ड व्यवहारांची सुरक्षा मानकं ठरवणाऱ्या पीसीआय परिषदेने साध्या फोनवर पेमेंट घेण्यासाठी २०१८, २०१९ आणि २०२२ मध्ये वेगवेगळी मानकं काढली आहेत. म्हणजे हे करता येतं, पण फोनशी छेडछाड झालेली नाही याची सतत तपासणी करण्याच्या अटीवर. आमच्यातल्या कितीतरी फोनना सुरक्षा अपडेट येणं केव्हाच थांबलं आहे. एकीचा फोन तर तिच्या भावाने कुठल्याशा दुकानातून ‘अनलॉक’ करून आणलेला आहे. असे फोन ॲपमध्ये कसे चालतात, कुणी तपासतं का, हे आम्हाला सांगितलेलं नाही. उद्या एखाद्या ग्राहकाचे पैसे गेले तर पोलीस पहिल्यांदा फोन कुणाचा ते विचारतील.

वेगवेगळे फोन असले की काय होतं, ते आपण ॲपच्या चाचणीच्या वेळीच पाहिलं आहे. २२ सप्टेंबर २०२५, घटस्थापनेचा दिवस. हजाराच्या वरच्या, अडीच हजारांपर्यंतच्या कपड्यांवरचा जीएसटी त्या दिवसापासून पाच टक्के झाला. चाचणीतल्या दोन फोनवर जागा नव्हती, म्हणून ॲप अपडेट झालं नाही आणि ते फोन जुन्या बारा टक्क्यांनीच बिलं करत राहिले. दोन सख्ख्या जावांनी एकाच दिवशी एकसारखे कुर्ते घेतले. एकीचं बिल १,७९९, दुसरीचं १,६८७. त्या दोघी परत आल्या तेव्हा त्यांचं बोलणं मी ऐकून घेतलं, आयटी विभागाने नाही. काउंटरचं मशीन त्या सकाळी बरोबर होतं.

बसण्याबद्दल फक्त तीन वाक्यं. काउंटरमागे एक उंच स्टूल होतं, गिऱ्हाईक नसताना टेकता यायचं. काउंटर गेला तसं तेही गेलं आणि आता नऊ तास उभं. साड्यांच्या आणि कपड्यांच्या दुकानांतल्या बायकांना बसता यावं म्हणून कोझिकोडच्या विजी पेनकूट्ट आणि त्यांच्या सोबतिणी वर्षानुवर्षं लढल्या, २०१८ मध्ये केरळने आणि २०२१ मध्ये तमिळनाडूने तसा कायदा केला, आणि आम्ही इथे होतं ते स्टूल गमावून बसलो.

शेवटची गोष्ट येणाऱ्या सिंहस्थाची. परिपत्रकात लिहिलं होतं, की २०२६-२७ च्या कुंभमेळ्याच्या गर्दीसाठी ही तयारी आहे. मी २०१५ चा सिंहस्थ या शहरात, याच दुकानात पाहिला आहे. पर्वणीच्या दिवशी फोन लागत नव्हते, रस्ते बंद होते, लोक मिळेल तिथे रोखीनेच टॉवेल, धोतर, साडी घेत होते. एकाच ठिकाणी लाखो माणसं आली की नेटवर्क अडतं. आणि आपण गर्दीच्या तयारीसाठी सगळं बिलिंग नेमकं मोबाइल नेटवर्कवर नेलं आहे. काउंटरला वायरने आलेलं इंटरनेट आहे, मागे यूपीएस आहे. ते काढताना नाशिकमधल्या कुणाला विचारलं असतं तर सांगितलं असतं.

आमच्या मागण्या साध्या आहेत.

बिलिंगसाठी कंपनीने स्वतःची मशीन द्यावीत, स्कॅनर आणि प्रिंटर असलेली, जी शिफ्ट संपली की दुकानातच राहतील. ती येईपर्यंत स्वतःचा फोन वापरणं ऐच्छिक असावं. लेखी संमती असावी आणि नाही म्हणणाऱ्याच्या अप्रेझलवर त्याचा परिणाम होऊ नये.

ज्यांनी आजवर फोन वापरला त्यांना पहिल्या दिवसापासून दरमहा डेटा आणि बॅटरीचा भत्ता मिळावा. रक्कम आम्ही सांगत नाही, आमच्या दोन प्रतिनिधींबरोबर बसून ठरवा.

आमचे खासगी नंबर ग्राहकांकडे जाणं आजपासून बंद व्हावं. यासाठी मशीन यायची वाट बघू नये. ज्या मुलीला त्रास झाला तिच्या फाइलमधला खुलासा काढून टाकावा. ‘डिव्हाइस ॲडमिन’ परवानगी आमच्या फोनवरून काढावी.

किमान दोन कॅश काउंटर कायम ठेवावेत, ड्रॉवर, नोटा मोजायचं मशीन आणि स्टूल यांच्यासह. हार्ड टॅग काढायचं मशीन प्रत्येक मजल्यावर असावं. काउंटरबाहेर रोकड घ्यायला कुणालाही लावू नये.

शॉर्टेज म्हणून आमच्याकडून यूपीआयने घेतलेले पैसे परत करावेत. पुढे तूट आली तर लेखी नोटीस, आमचं म्हणणं, आणि मगच निर्णय.

मागेल त्या ग्राहकाला कागदी बिल मिळावं आणि मोबाइल नंबरचा रकाना रिकामा ठेवता यावा. एवढं एक बटण ॲपमध्ये घालायला फार वेळ लागणार नाही.

कामगार उपायुक्त साहेबांना विनंती, की शहरातल्या मोठ्या दुकानांत ही पद्धत कशी राबवली जाते ते एकदा प्रत्यक्ष येऊन पाहावं, शक्यतो शनिवारी संध्याकाळी.

ग्राहकांनाही एक सांगते. बिलाचा कागद मागा, तो तुमचा हक्क आहे. नंबर द्यायचा नसेल तर देऊ नका. फोन अडकला, वेळ लागला तर आमच्यावर रागावू नका. आम्हालाही काउंटरवर बरं होतं.

या पत्राचं उत्तर पंधरा दिवसांत लेखी मिळावं आणि ते स्टाफरूमच्या फळ्यावर लावावं, म्हणजे दोन्ही शिफ्टना वाचता येईल. चर्चेला बोलावलंत तर मी सुट्टीच्या दिवशीही येईन. निफाडच्या त्या आजोबांना पक्कं बिल मी काउंटर एकवरून छापून ठेवलं आहे. त्यांचा पत्ता माझ्याकडे नाही, पण कुणी त्यांना ओळखत असेल तर निरोप द्यावा, बिल माझ्या लॉकरमध्ये आहे.

आपली विश्वासू,
फ्लोअर स्टाफ, पूर्वीची कॅशियर, काउंटर नंबर दोन
नाशिक